रायबोसोममध्ये बंध कोण जोडतं? नॉलर यांनी काय दाखवलं आणि काय नाही

प्रश्न असा आहे: "रायबोसोम हा रायबोझाइम आहे, म्हणजे अमिनो आम्लं एकमेकांना जोडण्याचं काम त्यातला आरएनए करतो, असं पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. कुणी म्हणतं हे हॅरी नॉलर यांनी १९९२ मध्ये सिद्ध केलं, कुणी म्हणतं २००० मध्ये स्टाइट्झ यांच्या गटाने. नक्की कुणी काय दाखवलं? आणि सगळं आरएनएच करत असेल तर जीवाणूच्या रायबोसोममध्ये पन्नासहून जास्त प्रथिनं कशाला?"

आधी थेट उत्तर देते. (रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र; रायबोझाइम म्हणजे एन्झाइमचं काम करणारा आरएनए.) १९९२ च्या प्रयोगाने सिद्ध काहीच झालं नाही. तसा दावा खुद्द नॉलर यांनीही केला नव्हता. सिद्ध झालं ते २००० मध्ये, रचना हाती आल्यावर. तरीही या शोधाचं श्रेय वाटायला मला कुणी बसवलं, तर मोठा वाटा मी नॉलर यांच्याच पदरात टाकेन, आणि तोही १९९२ च्या पेपरसाठी नव्हे, त्याआधीच्या वीस वर्षांसाठी. रायबोसोमवर बराच काळ काम केल्यावर झालेलं हे मत आहे. सगळ्यांना ते पटेलच असं नाही.

१९६० च्या दशकात चित्र काय होतं ते बघा. जीवाणूचा रायबोसोम ७०एस, त्याचे दोन भाग: लहान ३०एस आणि मोठा ५०एस (एस हे तळाशी बसण्याच्या वेगाचं एकक, म्हणून बेरीज जुळत नाही). वजनाने त्यात दोन तृतीयांश आरएनए आणि एक तृतीयांश प्रथिन. लहान भागात १६एस आरएनए, मोठ्यात २३एस आणि छोटासा ५एस. जनुकाचा संदेश वाचण्याचं काम लहान भागात चालतं, अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध मोठ्या भागात तयार होतो, इतपत माहीत झालं होतं. पण एन्झाइम म्हणजे प्रथिन, हे तेव्हा गृहीतच होतं. त्यामुळे एवढा सगळा आरएनए म्हणजे प्रथिनं टांगायची मांडणी, असं बहुतेकांनी धरून टाकलं आणि सगळे "ते" प्रथिन शोधायला लागले. फ्रान्सिस क्रिक यांनी १९६८ मध्ये आदिम रायबोसोम निव्वळ आरएनएचा असेल का, अशी शंका बोलून दाखवली होती. पण ती जीवसृष्टीच्या उगमाच्या संदर्भात होती. आजच्या रायबोसोममध्ये आरएनए काही करत असेल, हे प्रयोगशाळेत कुणी फारसं मनावर घेत नव्हतं.

नॉलर यांची स्वतःची तालीमही प्रथिन-रसायनशास्त्राचीच. केंब्रिजमध्ये त्यांनी प्रथिनांवर काम केलं, मग जिनिव्हात अल्फ्रेड तिसिएर यांच्याकडे रायबोसोमशी गाठ पडली आणि १९६८ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत आले. १९७२ मध्ये त्यांनी एका विद्यार्थ्याबरोबर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. केथॉक्सल हे रसायन आरएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिनला (जी) चिकटतं. ३०एस भागावर ते टाकलं, तर मोजकीच ग्वानिनं बदलली जातात आणि तेवढ्यावरच तो भाग टीआरएनए (अमिनो आम्ल आणून देणारा छोटा आरएनए) धरेनासा होतो. टीआरएनए आधीच बसलेला असेल तर मात्र बराच बचाव होतो. आता केथॉक्सल प्रथिनांतल्या आर्जिनिनलाही लागू शकतं, म्हणजे शंकेला जागा होती. ती बुजवायला त्यांनी नोमुरा यांची पद्धत वापरली. मासायासु नोमुरा यांच्या गटाने १९६८ मध्ये दाखवलं होतं की ३०एस भाग सुटा करून आरएनए आणि प्रथिनांपासून पुन्हा जुळवता येतो. मग बिघडलेला आरएनए आणि चांगली प्रथिनं, चांगला आरएनए आणि बिघडलेली प्रथिनं, अशा अदलाबदली करून पाहिल्या. दोष आरएनएबरोबर जात होता.

त्याच सुमाराला दुसऱ्या दिशेनेही इशारा मिळाला होता. कोलिसिन ई३ हे जीवाणूंनी एकमेकांना मारायला वापरलेलं विष. ते १६एस आरएनएच्या शेपटीकडे एकच घाव घालतं. दीड हजारावर न्यूक्लिओटाइडांच्या (आरएनएच्या अक्षरांच्या) साखळीत फक्त एक बंध तुटतो आणि रायबोसोम बंद पडतो. नुसती मांडणी असती तर एका चिरेने एवढं व्हायचं कारण नव्हतं. उलट नोमुरा यांच्या पद्धतीने एकेक प्रथिन वगळून रायबोसोम जुळवला, तर बऱ्याच वेळा काम मंदावायचं पण सरसकट थांबायचं नाही. आज हे पुरावे एका ओळीत मांडले की वाटतं, लोकांना दिसत कसं नव्हतं? पण त्या वेळी आरएनए एन्झाइमचं काम करू शकतो याचं एकही उदाहरण नव्हतं. पहिलं उदाहरण टॉम चेक यांच्याकडून १९८२ मध्ये आलं, पाठोपाठ सिडनी ऑल्टमन यांचं आरनेज पी, ज्यात कापण्याचं काम आरएनए करतो. उदाहरण समोर नसलं की माणूस पुराव्यालाही अपवाद म्हणून बाजूला सारतो.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो याच्या मधला, फारसा न गाजलेला टप्पा. १९७८ मध्ये नॉलर यांच्या गटाने ई. कोलाय या जीवाणूच्या १६एस आरएनएच्या जनुकाचा क्रम वाचून काढला, १५४२ न्यूक्लिओटाइडं. दोन वर्षांत २३एस, २९०४. स्ट्रासबूरचा गटही याच कामात होता. पण नुसता क्रम म्हणजे अक्षरांची रांग. ती रांग कुठे कुठे स्वतःशीच जोड्या जमवून वळते, हे काढायला नॉलर यांनी कार्ल वूझ यांच्याशी हातमिळवणी केली. युक्ती अशी: एका जीवाणूत एका जागी जी आणि दुसऱ्या दूरच्या जागी सी आहे. दुसऱ्या जीवाणूत पहिल्या जागी ए झालं असेल आणि दुसऱ्या जागी नेमकं यू, तर त्या दोन जागांची जोडी आहे असं समजायचं. कारण एक बदलला तरी जोडी राखण्यासाठी दुसराही बदलला. अशा जोड्या शेकड्यांनी तपासून त्यांनी संपूर्ण दुय्यम रचना उभी केली. पुढे स्फटिकांवरून प्रत्यक्ष रचना हाती आली तेव्हा या नकाशातल्या जवळपास सगळ्या, म्हणजे ९७ टक्क्यांहून अधिक जोड्या बरोबर निघाल्या. क्ष-किरण न वापरता, केवळ तुलना करून!

या नकाशामुळे १९८० च्या दशकात डॅनेश मोअझेद आणि नॉलर यांना "पाऊलखुणा" काढता आल्या. हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना अजून करायला लावते, म्हणून जरा जवळून सांगते. रायबोसोमवर डायमेथिल सल्फेट, केथॉक्सल वगैरे टाकायचं. उघडी असलेली न्यूक्लिओटाइडं बदलली जातात, झाकलेली वाचतात. मग आरएनए वेगळा काढून त्यावर प्रायमर (सुरुवातीचा छोटा तुकडा) बसवून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम, चालवायचं. बदललेल्या न्यूक्लिओटाइडपाशी एन्झाइम अडखळतं आणि तिथे जेलवर पट्टी येते. शेजारी क्रम वाचण्याच्या डायडिऑक्सी पद्धतीच्या चार रांगा ओळख पटवायला. नवखा माणूस हमखास फसतो तो इथे. एन्झाइम बदललेल्या न्यूक्लिओटाइडच्या एक घर अलीकडे थांबतं, पण डायडिऑक्सीच्या रांगेत साखळी त्या न्यूक्लिओटाइडवरच संपते. त्यामुळे थेट समोरची पट्टी वाचली तर क्रमांक एकाने चुकतो. हे एक घर सांभाळायचं, आणि टीआरएनए बसवलेल्या व न बसवलेल्या रायबोसोमची तुलना करायची. ज्या पट्ट्या टीआरएनए आल्यावर पुसट होतात, ती त्याची पाऊलखूण.

यातून काय निघालं? लहान भागात टीआरएनए आल्यावर झाकल्या जाणाऱ्या जागांत १६एसमधल्या ५३०, १४९२ आणि १४९३ या क्रमांकांच्या होत्या. मोठ्या भागात टीआरएनएचं अमिनो आम्ल धरणारं सीसीए टोक २३एसच्या पाचव्या विभागातल्या मधल्या वेटोळ्याभोवती झाकत होतं. या जागा अब्जावधी वर्षांत जवळपास न बदललेल्या. २००१ मध्ये व्यंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने दाखवलं की योग्य टीआरएनए आला की १४९२ आणि १४९३ ही अ‍ॅडेनिनं बाहेर वळून कोडॉन (संदेशातली तीन अक्षरं) व अँटिकोडॉन (टीआरएनएवरची त्यांना जुळणारी तीन) यांची जोडी चाचपतात आणि ५३० त्यांना साथ देतं. म्हणजे जेलवरच्या त्या पुसट पट्ट्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

१९८९ चा त्यांचा निष्कर्ष तर मला आजही थक्क करतो. बंध तयार झाल्यावर टीआरएनए एका फटक्यात पुढच्या जागी सरकत नाही. आधी त्याचं वरचं टोक मोठ्या भागात पुढे जातं, खालचा अँटिकोडॉन लहान भागात जुन्याच जागी राहतो. नंतर ईएफ-जी या प्रथिनाच्या मदतीने खालचं टोक सरकतं. ही मधली "संकरित" अवस्था त्यांनी रचना न पाहता, फक्त पाऊलखुणांवरून ओळखली. पुढे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन भाग एकमेकांवर फिरताना दिसले, तेव्हा ती डोळ्यांनीही दिसली.

आता १९९२. रॉबिन मनरो यांनी साठच्या दशकात एक सोपी चाचणी बसवली होती. ५०एस भाग एकटा घ्यायचा, टीआरएनएऐवजी त्याच्या टोकाचा छोटा तुकडा द्यायचा, ज्याला फॉर्मिल-मेथिओनिन लावलेलं आहे, आणि दुसऱ्या बाजूला प्युरोमायसिन. हे अँटिबायोटिक टीआरएनएच्या टोकासारखं दिसतं, त्यामुळे मेथिओनिन त्याच्यावर चढतं. अल्कोहोल घातलं की संदेश नाही, लहान भाग नाही, तरी बंध तयार होतो. मेथिओनिनमध्ये किरणोत्सारी गंधक असलं की किती बंध झाले ते मोजता येतं.

नॉलर यांनी या चाचणीआधी रायबोसोमवर प्रथिनं हटवायचे सगळे उपाय केले: प्रोटिनेज के (प्रथिनं कापणारं एन्झाइम), एसडीएस (साबणासारखं रसायन) आणि शेवटी फिनॉलबरोबर जोरात घुसळणं. डीएनए शुद्ध करताना प्रथिनं घालवायला आपण हेच करतो. ई. कोलायचे रायबोसोम प्रोटिनेज आणि एसडीएसनंतरही २० ते ४० टक्के काम करत राहिले, पण फिनॉलनंतर संपले. थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा गरम झऱ्यांतला जीवाणू, ज्याच्यापासून पीसीआरचं टॅक एन्झाइम मिळालं. त्याचे रायबोसोम सगळा मारा झेलूनही ८० टक्क्यांहून जास्त काम करत होते. बंध जोडणं रोखणाऱ्या क्लोरॅम्फेनिकॉल आणि कार्बोमायसिन या अँटिबायोटिकांनी ते काम थांबलं, म्हणजे मोजतोय ती क्रिया खरीच. आरएनए तोडणारं आरनेज टी१ घातलं की ती नाहीशी झाली.

हे ऐकून "मग सिद्धच झालं की" असं वाटतं. पण थांबा. पहिली गोष्ट, थोडी प्रथिनं शिल्लक होती. नॉलर यांच्याच गटाने १९९९ मध्ये त्या उरलेल्या कणांची छाननी केली तेव्हा मोठ्या भागाची आठ प्रथिनं त्यात सापडली, त्यात एल२ आणि एल३ होती, आणि बंध एल२च जोडत असावं, असा लोकांचा त्याच्यावर आधीपासून डोळा होता. दुसरी गोष्ट, आरनेजचा पुरावा दिसतो तेवढा भक्कम नाही. आरएनए नुसती मांडणी असता, तरी ती मोडल्यावर काम थांबलंच असतं. तिसरी, ही चाचणी अल्कोहोलमध्ये, तुकड्यांवर चालते, पेशीतली खरी क्रिया नव्हे. म्हणून त्या पेपरची भाषा इतकी जपून आहे: २३एस आरएनए या क्रियेत भाग घेत असण्याच्या शक्यतेला दुजोरा मिळतो, एवढंच. शोधनिबंध कसा लिहावा हे शिकायचं असेल तर तो वाचा. आणि निव्वळ आरएनए, एकही प्रथिन नाही, आणि तरी बंध जोडतोय, हा सरळ पुरावा त्याही प्रयोगाने मिळाला नाही.

हा तिढा सुटला ऑगस्ट २००० मध्ये. येलमधल्या थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटांनी मृत समुद्रातल्या हॅलोआर्क्युला मारिसमॉर्टुई या सूक्ष्मजीवाच्या ५०एस भागाची रचना २.४ अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) सोडवली. मायकल यारस यांनी बनवलेला एक निरोधक रेणू, बंध तयार होण्याच्या मधल्या क्षणाची नक्कल करणारा, स्फटिकात बसवला. त्यावरून जोडणीची जागा नेमकी कळली. भोवती सगळा २३एस आरएनए. सर्वांत जवळचं प्रथिन साधारण १८ अँगस्ट्रॉम दूर. रासायनिक बंध दीड अँगस्ट्रॉमचा असतो. इतक्या लांबून प्रथिन रसायन घडवू शकत नाही. वाद इथे संपला. आता मारा झेलून प्रथिनं किती उरली हा प्रश्नच गैरलागू झाला, कारण ती कुठे आहेत ते दिसत होतं.

गंमत म्हणजे त्याच पेपरातला पुढचा दावा मात्र टिकला नाही. २३एसमधलं २४५१ क्रमांकाचं अ‍ॅडेनिन प्रोटॉन ओढून घेतं आणि बंध घडवतं, असं त्यांनी सुचवलं होतं. मग रेचल ग्रीन यांच्यासह अनेकांनी ते अ‍ॅडेनिन बदलून पाहिलं. पूर्ण टीआरएनए वापरले तर वेग फारसा घटलाच नाही. उलट पी जागेवरच्या (वाढती साखळी धरणाऱ्या) टीआरएनएच्या शेवटच्या अ‍ॅडेनोसिनचा २' हायड्रॉक्सिल गट काढला तर क्रिया जवळजवळ थांबली. म्हणजे रसायनातला एक महत्त्वाचा हात खुद्द टीआरएनएचा. २००४ मध्ये रोडनिना आणि वुल्फेन्डेन यांच्या गटांनी मोजलं की रायबोसोम ही क्रिया सुमारे दोन कोटी पटींनी वेगवान करतो, आणि तेही मुख्यतः एंट्रॉपीच्या बाजूने: दोन टोकांना योग्य दिशेने, योग्य अंतरावर धरून. "रायबोझाइम" म्हटल्यावर विद्यार्थ्यांच्या डोळ्यासमोर एखादं चतुर न्यूक्लिओटाइड येतं. प्रत्यक्षात आरएनएची करामत मुख्यतः मांडून धरण्यात आहे.

नोबेलबद्दल विचारतातच, म्हणून तेही. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल रामकृष्णन, स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना मिळालं, रायबोसोमची रचना आणि कार्य यासाठी. पारितोषिक तिघांपुरतंच असतं आणि ते रचनेला दिलं गेलं. नॉलर यांच्या गटाने १९९९ मध्ये पूर्ण ७०एस रायबोसोमचं ७.८ अँगस्ट्रॉमचं आणि २००१ मध्ये टीआरएनए व संदेशासह ५.५ अँगस्ट्रॉमचं चित्र दिलं होतं. दोन भाग एकमेकांना टेकतात तिथेही बहुतेक आरएनएच आहे, हे त्यातून दिसलं. पण अणू दिसावेत इतकं ते स्पष्ट नव्हतं. त्यांना २०१७ चं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं. अन्याय झाला का, यावर चहाच्या टेबलावर बोलावं. माझ्या मते स्फटिकाकडे कुठे बघायचं हे रचना सोडवणाऱ्यांना सांगणारा नकाशा नॉलर आणि वूझ यांचा होता, पण नकाशाला नोबेल देणं समितीला जमत नाही.

अँटिबायोटिकांचा पुरावाही विसरू नका. प्रश्नात तो नाही, पण बाकी कुठल्याही पुराव्यापेक्षा विद्यार्थ्यांना लवकर पटतो. एरिथ्रोमायसिन २३एसच्या २०५८ क्रमांकाच्या अ‍ॅडेनिनपाशी बसतं. जीवाणूने तिथे एक मेथिल गट लावला की औषध निकामी. हेलिकोबॅक्टर पायलोरीत क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे प्रकार होतात तेही याच भागातल्या एका अक्षराच्या बदलाने. ई. कोलायमध्ये असे उत्परिवर्तक सहज सापडत नाहीत, कारण रायबोसोमल आरएनएचे त्याच्याकडे सात संच आहेत. एक बदलला तरी बाकी सहा जुनेच रायबोसोम बनवत राहतात. प्रथिनांची जनुकं बहुधा एकेकच, म्हणून जुन्या काळी प्रतिकाराचे बदल प्रथिनांत जास्त सापडले आणि प्रथिनंच काम करतात हा समज आणखी घट्ट झाला. प्रायोगिक सोय पुराव्याला कशी एका बाजूला झुकवते, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता शेवटचा भाग, प्रथिनं कशाला. आरएनएला ठासून ऋण भार असतो, तो एवढा जवळजवळ घडी घालायचा तर मध्ये धन भार हवा. मॅग्नेशियम ते काम करतंच, पण रायबोसोमल प्रथिनांच्या लांब शेपट्या आरएनएच्या घड्यांत खोल शिरून तेच करतात. रायबोसोम जुळताना कोणती घडी आधी पडायची हेही बरंचसं त्यांच्या येण्याच्या क्रमावर ठरतं. शिवाय बाहेरची कामं: एल७/एल१२ चा दांडा ईएफ-टीयू आणि ईएफ-जी या मदतनीस प्रथिनांना ओढून आणतो, एल२३ नवं प्रथिन बाहेर पडतं त्या बोगद्याच्या तोंडाशी ट्रिगर फॅक्टरला (नव्या प्रथिनाला घडी घालायला मदत करणाऱ्याला) जागा देतं, एस१२ कोडॉन तपासण्याच्या जागेशेजारी बसून अचूकपणावर परिणाम करतं. हे सगळं बाजूला ठेवून नुसती जोडणी बघितली तर काय? माणसाच्या मायटोकाँड्रियातल्या रायबोसोममध्ये प्रमाण उलटं झालंय, आरएनए कमी आणि प्रथिन खूप जास्त, तरी जोडणीच्या जागी आरएनएच टिकून आहे.

एकच प्रथिन अधूनमधून डोकं वर काढतं, जीवाणूंचं एल२७. त्याची शेपूट जोडणीच्या जागेजवळ पोहोचते, आणि हॅलोआर्क्युलात तसं प्रथिन नाही, म्हणून २००० च्या चित्रात ते दिसलंच नव्हतं. २००५ मध्ये त्या शेपटीची तीन अमिनो आम्लं कापल्यावर रायबोसोम मंदावल्याचं दाखवलं गेलं आणि काहींना वाटलं, प्रथिन परत आलं. २०१५ मध्ये रोडनिना यांच्या गटाने एल२७ पूर्ण काढून बंध तयार होण्याचा वेग थेट मोजला, तर तो जसाच्या तसा होता.